एअर ब्रेकचा पेपर: आधी हवेचा रस्ता ओळखा, मग आकडे पाठ करा

महाडच्या एसटी स्टँडवर गाडी फलाटाला लागली की एक आवाज यायचा, फुस्स्. लहानपणी मला वाटायचं, गाडी दमली म्हणून सुस्कारा टाकते. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. ते म्हणायचे, “हवा सोडली, आता ती जागची हलायची नाही.” पुढे चाळिशी उलटल्यावर न्यू जर्सीत स्कूल बस चालवायचं ठरवलं, लायसन्सच्या पुस्तकातलं एअर ब्रेकचं प्रकरण उघडलं आणि लक्षात आलं की त्या एका वाक्यात जवळजवळ अर्धं प्रकरण होतं.

इथे अमेरिकेत आपल्यातल्या बऱ्याच जणी स्कूल बसच्या कामाकडे वळताना दिसतात, कारण मुलांच्या शाळेच्या वेळा आणि आपल्या कामाच्या वेळा जुळतात. काही जण ट्रककडे जातात. सगळ्यांची एकच तक्रार असते: बाकीचे पेपर वाचून निघतात, एअर ब्रेकचा अडतो. तो अडतो याचं कारण बहुतेक जण आकड्यांपासून सुरुवात करतात. ६०, १००, १२५, ४५ सेकंद, १ इंच... कशाचं काय ते माहीत नसताना हे सगळं घोकलं की परीक्षेच्या पडद्यासमोर खिचडी होते. मी ओळखीतल्या ज्यांना ज्यांना या पेपरसाठी शिकवलं, त्यांच्याकडून पहिले दोन दिवस एकही आकडा पाठ करून घेतला नाही. तोच क्रम इथे देते.

पेपर कोणता आणि चुकला तर काय होतं

अवजड वाहनाच्या लायसन्सला इथे सीडीएल म्हणतात. त्याआधी शिकाऊ परवाना, म्हणजे सीएलपी, काढावा लागतो आणि त्यासाठी लेखी पेपर द्यावे लागतात. जनरल नॉलेज सगळ्यांना असतो. स्कूल बससाठी त्यात पॅसेंजर आणि स्कूल बस हे दोन पेपर वाढतात, तर ट्रॅक्टर-ट्रेलरसाठी कॉम्बिनेशनचा. (इथे ट्रॅक्टर म्हणजे शेतातला नव्हे, ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक.) एअर ब्रेकचा पेपर वेगळा असतो. बहुतेक राज्यांत त्यात २५ प्रश्न असतात आणि पास व्हायला ८० टक्के लागतात, म्हणजे २० बरोबर. पाच चुका चालतात, सहावी नाही.

हा पेपर दिला नाही किंवा नापास झालात तर लायसन्सवर ‘एल’ हे बंधन येतं: एअर ब्रेक असलेलं व्यावसायिक वाहन चालवायचं नाही. पण पेपर पास झालात तरी हे बंधन येऊ शकतं, हे फार जणांना ठाऊक नसतं. प्रत्यक्ष चाचणी, म्हणजे स्किल्स टेस्ट, तुम्ही हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, ब्रेकच्या गाडीवर दिलीत तरी ‘एल’ लागतोच. माझ्या एका मैत्रिणीचं असंच झालं. लेखीत तिचे २५ पैकी २४ बरोबर होते. तिच्या मालकाने चाचणीसाठी जी बस दिली ती हायड्रॉलिक निघाली आणि हातात बंधनासकट लायसन्स आलं. एअर ब्रेकच्या बसवर पुन्हा चाचणी द्यावी लागली. म्हणून प्रशिक्षण सुरू करण्याआधीच विचारून घ्या: “चाचणी कोणत्या बसवर होणार? तिचे ब्रेक पूर्ण हवेचे आहेत का?” पूर्ण हा शब्द मुद्दाम म्हणते आहे. हवा आणि हायड्रॉलिक यांची मिश्र यंत्रणा असलेल्या गाडीवर चाचणी दिली तर ‘झेड’ हे वेगळं बंधन लागतं.

अभ्यासाचं पुस्तक एकच, तुमच्या राज्याचं सीडीएल मॅन्युअल. राज्याच्या लायसन्स खात्याच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. राज्यं वेगळी असली तरी पुस्तकाचा साचा एकच असतो आणि एअर ब्रेक पाचव्या विभागात येतात. प्रकरण लहान आहे, एका दुपारी वाचून होतं. मराठीत समजून घ्या, पण शब्द इंग्रजीच लक्षात ठेवा. स्किल्स टेस्टमध्ये परीक्षकाच्या इंग्रजी सूचना समजून उत्तरं द्यावी लागतात आणि तिथे दुभाषा चालत नाही.

पहिले दोन दिवस: हवा कुठून कुठे जाते

एक कोरा कागद घ्या आणि चित्र काढा. वाकडंतिकडं चालेल, पण स्वतःच्या हाताने काढा.

सुरुवात कॉम्प्रेसरपासून. तो इंजिनाला गिअरने किंवा व्ही-बेल्टने जोडलेला असतो आणि हवा दाबून टाक्यांत भरतो. बेल्टवर चालणारा असेल तर रोज बेल्ट बघायचा: चिरलेला नाही ना, सैल नाही ना. कॉम्प्रेसरचा रखवालदार म्हणजे गव्हर्नर. टाकीत पुरेशी हवा झाली की तो भरणं थांबवतो, त्याला ‘कट-आउट’ म्हणतात. हवा कमी झाली की पुन्हा सुरू करतो, तो ‘कट-इन’. या दोन शब्दांत गोंधळ होतो, कारण आउट म्हटलं की हवा बाहेर गेली असं वाटतं. इथे बाहेर पडतो तो कॉम्प्रेसर, हवा नव्हे.

मग टाक्या. दाबलेल्या हवेतली वाफ गार झाली की तिचं पाणी होतं आणि ते टाकीच्या तळाशी साचतं. कॉम्प्रेसरचं थोडं तेलही त्यात मिसळतं. हे पाणी हिवाळ्यात गोठलं की ब्रेक जातात. म्हणून टाकीच्या बुडाला ड्रेन व्हॉल्व्ह असतो. तो हाताने उघडायचा असेल तर दिवसाचं काम संपल्यावर रोज उघडायचा. काही गाड्यांत तो आपोआप उघडतो. थंड प्रदेशातल्या काही गाड्यांत अल्कोहोल इव्हॅपोरेटरही असतो. तो हवेत अल्कोहोल सोडतो, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरत नाही. परीक्षेत हमखास विचारतात: इव्हॅपोरेटर असेल तर टाकी रोज रिकामी करायची गरज उरते का? उरते. अल्कोहोलने पाणी गोठायचं टळतं, पण पाणी टाकीतच राहतं.

टाकीवर सेफ्टी व्हॉल्व्हही असतो. गव्हर्नर बिघडला आणि हवा भरतच राहिली तर टाकी फुटू नये म्हणून तो जास्तीची हवा सोडून देतो. तो उघडलेला दिसला तर काहीतरी बिघडलं आहे असं समजून मेकॅनिकला दाखवायचं.

टाकीतून हवा ब्रेक पेडलच्या व्हॉल्व्हपाशी येऊन थांबते. या पेडलला पुस्तकात फूट व्हॉल्व्ह आणि ट्रेडल व्हॉल्व्ह अशीही नावं आहेत. तीन नावं, वस्तू एकच. पेडल दाबलं की हवा चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये शिरते आणि पुशरॉडला बाहेर ढकलते. पुशरॉड स्लॅक अ‍ॅडजस्टर फिरवतो, त्याच्याबरोबर कॅमशाफ्ट पिळला जातो आणि त्याच्या टोकाचा एस आकाराचा कॅम दोन ब्रेक शूंना एकमेकांपासून दूर सारतो. शूंवरचे लायनर ड्रमला आतून घासतात आणि चाक थांबतं. पाय उचलला की कॅम उलटा फिरतो आणि स्प्रिंग शूंना मागे ओढते.

हे तोंडपाठ म्हणता आलं पाहिजे, अगदी श्लोकासारखं: पेडल, चेंबर, पुशरॉड, स्लॅक अ‍ॅडजस्टर, एस-कॅम, शू, ड्रम. कोणत्या भागामुळे काय होतं, असे तीन-चार प्रश्न या एका साखळीतून येतात.

आगगाडीची साखळी आणि बसची स्प्रिंग

आता खरी गोम. वर सांगितलेल्या रस्त्यात हवा ब्रेक *लावते*. पार्किंग आणि इमर्जन्सी ब्रेकमध्ये मात्र हवा ब्रेक *सोडवून धरते*. सगळा घोटाळा इथेच होतो.

आपल्याकडे आगगाडीत साखळी ओढली की गाडी का थांबते? साखळीने ब्रेकच्या नळीतली हवा बाहेर सोडली जाते, दाब पडतो आणि दाब पडला म्हणून ब्रेक लागतात. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७० च्या दशकात रेल्वेसाठी ही युक्ती आणली: हवा गेली तर गाडी धावत सुटायच्या ऐवजी थांबली पाहिजे. ट्रक आणि बसमध्ये हेच तत्त्व स्प्रिंगने साधतात. चेंबरमध्ये एक दणकट स्प्रिंग कोंडलेली असते. एरवी हवेचा दाब तिला मागे रेटून धरतो. तुम्ही पार्किंगचा नॉब ओढलात की ती हवा बाहेर पडते, फुस्स्, आणि मोकळी झालेली स्प्रिंग ब्रेक लावते. नळी फुटून हवा गेली तरी हेच होतं.

म्हणून नव्या गाड्यांत पिवळा, पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराचा नॉब *ओढला* की ब्रेक लागतो आणि *आत ढकलला* की सुटतो. ढकलणं म्हणजे हवा आत पाठवणं, एवढं डोक्यात ठेवलं की हा प्रश्न कधी चुकत नाही.

याला जोडून दोन प्रश्न येतात. एक: स्प्रिंग ब्रेक लागलेले असताना पेडल दाबावं का? नाही. स्प्रिंगचा जोर आणि हवेचा जोर एकत्र आला तर ब्रेकचे भाग मोडू शकतात. दुसरा: स्प्रिंग ब्रेक किती जोराने लागतील हे कशावर अवलंबून असतं? सर्व्हिस ब्रेक, म्हणजे पेडलने लागणारे रोजचे ब्रेक, नीट ॲडजस्ट केलेले आहेत का यावर. चेंबर, पुशरॉड, शू सगळं तेच आहे. रोजचे ब्रेक ढिले असतील तर आणीबाणीचेही ढिलेच लागणार.

पुस्तकात तीन यंत्रणा सांगितल्या आहेत: सर्व्हिस, पार्किंग आणि इमर्जन्सी. इमर्जन्सी यंत्रणा म्हणजे निराळं सामान नव्हे. हवा गेल्यावर उरलेल्या सर्व्हिस आणि पार्किंग ब्रेकच्या भागांचाच तो वापर असतो.

आता आकडे: काटा वरून खाली येताना

इथे दाब पीएसआयमध्ये मोजतात, म्हणजे दर चौरस इंचाला किती पाउंड. भारतात ट्रक चालवलेल्यांच्या डोक्यात बार बसलेले असतात. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय, म्हणजे आपल्याकडच्या काट्यावरचे ८ बार इथे ११६ च्या आसपास दिसतात.

सुटे आकडे पाठ करू नका. डोळे मिटून काटा डोळ्यांसमोर आणा आणि तो वरून खाली उतरताना बघा.

१५०: सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. इथे काटा कधी यायलाच नको.

१२५ च्या सुमारास: कट-आउट. टाकी भरली, कॉम्प्रेसर भरणं थांबवतो.

१०० च्या सुमारास: कट-इन. पुन्हा भरणं सुरू. दुहेरी यंत्रणेच्या गाडीत हवेचे दोन वेगळे संच असतात; गाडी हलवण्याआधी त्या दोन्हींत किमान एवढा दाब हवा.

६० किंवा ५५: लाल दिवा आणि बझर. दाब याच्या खाली जाण्याआधी इशारा मिळालाच पाहिजे.

४५ ते २०: स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात. पार्किंगचा नॉब स्वतःहून बाहेर उडी मारतो.

इशाऱ्याच्या आकड्याबद्दल थोडं थांबते. काही राज्यांच्या पुस्तकांत ६० आहे, काहींत ५५. नेटवरच्या सराव-प्रश्नांत दोन्ही आढळतात आणि लोक भांडत बसतात. तुम्ही ज्या राज्यात पेपर देणार, तिथल्या चालू पुस्तकात जो आकडा आहे तोच तुमचं उत्तर. मोठ्या बसमध्ये हा इशारा ८० ते ८५ लाच वाजणं नेहमीचं आहे, तेही पुस्तकात दिलेलं असतं. जुन्या गाड्यांत ‘विग-वॅग’ असे: दाब कमी झाला की एक दांडी ड्रायव्हरच्या नजरेसमोर खाली पडायची.

चालत्या गाडीत हा इशारा आला तर काय करायचं? सुरक्षित जागा बघून लगेच थांबायचं. “जवळच्या गॅरेजपर्यंत हळू न्या” हा पर्याय दिलेला असतो आणि तो समंजस वाटतो. तो चुकीचा आहे. हवा आणखी गेली तर स्प्रिंग स्वतःच ब्रेक लावणार आणि गाडी कुठे थांबेल हे तुमच्या हातात राहणार नाही.

गाडी उभी असताना करायच्या चाचण्या

या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या. लेखीत यावर प्रश्न येतात आणि स्किल्स टेस्टमध्ये हेच सगळं परीक्षकासमोर बोलून करून दाखवायचं असतं. तिथे यात चूक झाली तर पुढची चाचणी होतच नाही.

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना ठोकळे लावा, टाकी पूर्ण भरू द्या.

पहिली गळतीची चाचणी. इंजिन बंद करा, पार्किंग ब्रेक सोडा, काटा स्थिर होऊ द्या. पेडलला पाय न लावता एक मिनिट बघा. एकट्या गाडीचा दाब २ पीएसआयपेक्षा जास्त पडता कामा नये, ट्रेलर जोडला असेल तर ३ पेक्षा. मग पेडल जोरात दाबून धरा. दाबल्याबरोबर काटा जेवढा खाली येतो तेवढा सोडून द्या, त्यानंतरचं एक मिनिट मोजा. एकट्या गाडीला ३ आणि ट्रेलरसह ४ ही मर्यादा. मी शिकवताना “दोन-तीन, तीन-चार” असं तालात म्हणून घेते. आधी पाय वर, मग पाय खाली. आधी एकटी, मग जोडलेली.

दुसरी, इशाऱ्याची. इंजिन बंदच ठेवा, पण किल्ली फिरवून वीज चालू करा, नाहीतर दिवा आणि बझर चालणार कसे? पेडल वारंवार दाबून-सोडून हवा खाली आणा. ठरलेल्या आकड्याच्या आधी इशारा आला पाहिजे.

तिसरी, नॉबची. तसंच पंप करत राहा. काटा ४५ ते २० च्या दरम्यान आला की नॉब बाहेर उडाला पाहिजे. ट्रॅक्टर-ट्रेलरला ट्रेलरचा लाल नॉबही उडतो.

चौथी, हवा भरण्याच्या वेगाची. इंजिन चालू करा. दुहेरी यंत्रणेत ८५ वरून १०० वर जायला ४५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. १९७५ पूर्वीच्या एकेरी यंत्रणेसाठी पुस्तकात वेगळा आकडा आहे: ५० वरून ९० पर्यंत ३ मिनिटांत. अशी गाडी तुमच्या नशिबी येणार नाही, पण प्रश्न येऊ शकतो.

शेवटी ब्रेकच. पार्किंग ब्रेक लावून खालच्या गिअरमध्ये हलकेच पुढे ओढून बघा, गाडी जागची हलता कामा नये. मग ब्रेक सोडून ताशी ५ मैलांनी पुढे जा आणि पेडल ठाम दाबा. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा थांबायला उशीर होत असेल तर दाखवून घ्या.

आता स्लॅक अ‍ॅडजस्टर. ब्रेक ढिले आहेत का हे याच्यावरून कळतं. ठोकळे लावा, पार्किंग ब्रेक *सोडा*, हातमोजे घाला आणि हाताशी येणारा प्रत्येक अ‍ॅडजस्टर जोरात ओढा. पुशरॉड जिथे जोडला आहे तिथे तो १ इंचापेक्षा जास्त हलला तर ॲडजस्ट करायला हवा. ब्रेक सोडायचा कशाला? ब्रेक लागलेला असताना स्प्रिंगने पुशरॉड आधीच बाहेर ढकललेला असतो, मग ढिलेपणा कसा कळणार? हा प्रश्न मी ज्यांना ज्यांना विचारला त्यातल्या निम्म्यांनी चुकवला, कारण “तपासताना ब्रेक लावून ठेवावा” असं सहज वाटतं. गाडी जागेवर राहते ती ठोकळ्यांमुळे.

१९९४ नंतरच्या गाड्यांत अ‍ॅडजस्टर आपोआप जुळतात. तरी ते तपासायचे. आणि आपोआपचा अ‍ॅडजस्टर पुन्हा पुन्हा हाताने जुळवावा लागत असेल तर दोष दुसरीकडेच आहे. पाना फिरवून तो फक्त झाकला जातो.

ड्रमला तडा असेल तर तो घासल्या जाणाऱ्या भागाच्या निम्म्या रुंदीपेक्षा लांब नसावा. लायनर सैल, तेलकट किंवा फार झिजलेले नसावेत. एवढं पुरे.

थांबायला किती जागा लागते

घरच्या गाडीत पेडल दाबल्याबरोबर ब्रेक लागतात, कारण त्यातलं तेल दाबलं तरी आकसत नाही. हवेला नळ्यांतून चाकापर्यंत पोचायला अर्धा सेकंद किंवा जास्त वेळ लागतो. याला ‘ब्रेक लॅग’ म्हणतात. म्हणून एअर ब्रेकच्या गाडीला थांबण्याच्या अंतरात तीनऐवजी चार गोष्टींची बेरीज असते: धोका ओळखणं, पाय पेडलवर जाणं, हवा पोचणं आणि प्रत्यक्ष ब्रेक लागून थांबणं. ताशी ५५ मैलांना, कोरड्या रस्त्यावर, यातल्या फक्त लॅगपायी ३२ फूट वाढतात आणि एकूण अंतर ४५० फुटांच्या वर जातं. क्रिकेटची पीच ६६ फुटांची. म्हणजे जवळजवळ सात पीच ओलांडून गाडी थांबते. आपली मुलं मागे बसलेली असताना हा हिशेब मला रोज आठवतो.

अचानक थांबायची वेळ आली तर दोन पद्धती दिल्या आहेत. कंट्रोल्ड ब्रेकिंगमध्ये चाकं लॉक होणार नाहीत इतपतच जोर लावायचा आणि स्टिअरिंग फार फिरवायचं नाही. स्टॅब ब्रेकिंगमध्ये पूर्ण दाबायचं, चाकं लॉक झाली की सोडायचं, चाकं फिरू लागली की पुन्हा दाबायचं. स्टॅब फक्त एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नसलेल्या गाडीत. एबीएसचा पिवळा दिवा गाडी सुरू करताना लागून विझला पाहिजे. तारखा विचारतात: एअर ब्रेकचे ट्रॅक्टर १ मार्च १९९७ पासून, बाकीचे ट्रक, बस आणि ट्रेलर १ मार्च १९९८ पासून एबीएससह बनणं सक्तीचं झालं. एबीएसमुळे अंतर कमी होतंच असं नाही, गाडी ताब्यात राहते. प्रश्नात हाच फरक तपासतात.

घाट उतरताना

आंबेनळीचा घाट उतरताना बाबांचा नियम ठरलेला: ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं. हा नियम मी डोक्यात घेऊनच पेपरला बसायला निघाले होते. इथल्या पुस्तकात तोच नियम आहे, पण *जुन्या* गाड्यांसाठी. नव्या गाड्यांचे भाग कमी घासतात आणि आकार वारा कापणारा असतो, म्हणजे उतारावर त्यांना अडवणारं फारसं काही नसतं. त्यांना चढायला लागतो त्यापेक्षाही खालचा गिअर उतरताना लागू शकतो. गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा, हे मात्र बाबांचं आणि पुस्तकाचं एकच.

मग ब्रेक कसे वापरायचे? सुरक्षित वेग ताशी ४० मैल धरा. गाडी ४० ला पोचली की वेग कमी होतोय हे जाणवेल इतका ब्रेक दाबायचा, ३५ वर आली की सोडायचा. साधारण ३ सेकंद लागतात. पुन्हा ४० झाली की पुन्हा तेच. सतत हलका पाय ठेवून उतरणं आपल्या सवयीचं असतं, पण पुस्तकाला ते मान्य नाही. ड्रम तापून फुगतो, शूंना जास्त लांब सरकावं लागतं, घर्षण घटतं आणि ब्रेक हळूहळू जातात. याला ‘ब्रेक फेड’ म्हणतात. त्यात काही चाकांचे ब्रेक ढिले असले तर बाकीच्यांवर सगळा भार येतो आणि तेही तापतात.

याचंच एक टोक पार्किंगच्या प्रश्नात येतं. गाडी सोडून जाताना पार्किंग ब्रेक नेहमी लावायचा, अपवाद दोन. घाट उतरून ब्रेक फार तापलेले असतील तर लावू नका, उष्णतेने नुकसान होतं. आणि गोठणाऱ्या थंडीत ब्रेक ओलेचिंब असतील तर लावू नका, ते गोठून चिकटतात. दोन्ही वेळा सपाट जागा बघून चाकांना ठोकळे. तापलेले ब्रेक गार झाले की मग पार्किंग ब्रेक लावा.

प्रश्नांची भाषा

सराव-प्रश्न चौथ्या-पाचव्या दिवसापासून सोडवा, आधी नको. उत्तर चुकलं की बरोबर पर्याय पाठ करू नका. पुस्तकातला तो परिच्छेद शोधून वाचा आणि आपल्या चित्रावर बोट ठेवून हवा कुठे होती ते सांगा. सलग तीन वेळा २५ पैकी २३ च्या वर गेलात की तयारी झाली.

इंग्रजीतल्या काही शब्दांकडे लक्ष द्या. ‘नॉट’ आणि ‘एक्सेप्ट’ असलेला प्रश्न दोनदा वाचा. आकडा विचारला असेल तर कशाचा आकडा ते आधी ठरवा: गळतीचा, भरण्याचा की इशाऱ्याचा? सारखे दिसणारे दोन पर्याय आले, एकात पार्किंग ब्रेक लावलेला आणि दुसऱ्यात सोडलेला, तर स्वतःला विचारा, या क्षणी स्प्रिंग कोंडलेली आहे की मोकळी? फ्रंट ब्रेक लिमिटिंग व्हॉल्व्हचा प्रश्नही कधी कधी येतो. १९७५ पूर्वीच्या काही गाड्यांत निसरड्या रस्त्यावर पुढच्या ब्रेकचा जोर कमी करायला तो असे. चाचण्यांत दिसलं की ब्रेक लावल्याने पुढची चाकं बर्फावरही सहसा घसरत नाहीत. म्हणून उत्तर असं: तो नेहमी ‘नॉर्मल’वरच ठेवा.

शक्य असेल तर पेपरच्या आधी एकदा खरी बस बघा. जिथे नोकरी करणार त्या ठिकाणी विनंती केलीत तर कोणीतरी दहा मिनिटं दाखवतं. टाकीच्या ड्रेनची दोरी ओढून पाणी पडताना बघितलं आणि पिवळा नॉब उडताना ऐकला की त्या दोन गोष्टी पुन्हा वाचाव्या लागत नाहीत.

पास झाल्यावर

शिकाऊ परवाना हातात आला की स्किल्स टेस्टपूर्वी किमान १४ दिवस थांबावं लागतं. ७ फेब्रुवारी २०२२ पासून, पहिल्यांदाच क्लास ए किंवा बी काढणाऱ्यांना त्या चाचणीआधी नोंदणीकृत संस्थेतून प्रशिक्षणही घ्यावं लागतं. लेखी पेपर त्याआधी देता येतो. या चौदा दिवसांत रोज एकदा ब्रेकच्या चाचण्या इंग्रजीत मोठ्याने म्हणा. मी स्वयंपाक करताना म्हणायचे. पोळीचा घाणा संपेपर्यंत दोनदा म्हणून व्हायचं. परीक्षक मध्येच प्रश्न विचारत नाही, तुम्ही काय करताय आणि किती आकड्यापर्यंत चालेल हे तुम्हीच सांगायचं असतं. “इंजिन बंद, किल्ली चालू, पार्किंग ब्रेक सोडला, एक मिनिट, दोन पीएसआयच्या आत” हे न अडखळता म्हणता आलं की चाचणीची तारीख घ्या.